दुसऱ्याच्या भट्टीतली घरची नानकटाई

१/ दिवाळी पंधरा दिवसांवर आली की समाजमाध्यमांवर एक वाद दरवर्षी नेमाने पेटतो. ‘खरा’ मराठी फराळ कोणता? करंजी, चकली, कडबोळी, अनारसे, लाडू, चिवडा, शंकरपाळी ही नावे बिनविरोध मंजूर होतात. नानकटाईचे नाव निघाले की मात्र हरकत येते. ती बेकरीची, ती परकी, ती घरात होतच नसे. कल्याणच्या पुढे रुळांच्या कडेने वाढलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांकडे पाहिले की ही हरकत टिकत नाही. का टिकत नाही, त्याचा हा धागा. थोडा लांब आहे.

२/ आधी नावाचा निवाडा. ‘नान’ म्हणजे रोटी, हे सर्वांना ठाऊक असते. पुढच्या ‘खटाई’चा आंबटपणाशी काडीचा संबंध नाही. फारसीत ‘खता’ हे उत्तर चीनचे जुने नाव आणि ‘खताई’ म्हणजे तिकडचे. युरोपीय प्रवासवर्णनांतला ‘कॅथे’ हा शब्दही त्याच मुळाचा. अफगाणिस्तानात आजही ‘कुल्चा-ए-खताई’ या नावाचा खुसखुशीत गोड पदार्थ भाजला जातो. म्हणजे हे नाव मध्य आशियातून आले. मराठी जिभेने त्यातल्या ‘त’चा ‘ट’ केला आणि कित्येक घरांनी ‘ख’चा ‘क’ करून नानकटाई म्हणायला सुरुवात केली.

३/ आता ज्या शंकरपाळीच्या मराठीपणाविषयी कुणालाच शंका नसते, तिचे नाव पाहावे. फारसीत ‘शकरपारा’ म्हणजे साखरेचा तुकडा. त्याचे शक्करपारा झाले आणि पुढे शंकरपाळी. एका फारसी शब्दाला देवाचे नाव लाभले आणि तो सोवळ्यात गेला. दुसऱ्याला लाभले नाही म्हणून तो उंबऱ्याबाहेर राहिला. वास्तविक दोन्हींचे जिन्नस जवळपास सारखेच: मैदा, तूप, साखर, चिमूटभर मीठ, वेलदोडा. फरक एवढाच, की एक तळली जाते आणि दुसरी भाजली जाते. या सगळ्या वादाचे मूळ त्या एका क्रियापदात आहे.

४/ नानकटाईच्या जन्माची जी कथा सर्वत्र फिरते, तिचाही हिशेब घ्यायला हवा. कथा अशी: सोळाव्या शतकाच्या अखेरीस दोन डचांनी सुरतेत बेकरी काढली, डच निघून गेले तेव्हा ती त्यांनी आपल्या पारशी कारागिराला दिली, पाव खपेना म्हणून त्याने निराळे पदार्थ काढले आणि त्यांत नानकटाई निघाली. डचांची सुरतेतली वखार सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली आणि सुरतेतून त्यांचा पाय निघाला तो १८२५मध्ये. म्हणजे कथेतले ते दोन बेकरीवाले वखारीच्या आधी आले आणि सव्वादोनशे वर्षे भट्टीपाशी उभे राहिले, असे मानावे लागते! कथेत तथ्य असेल तर ते इतकेच, की सुरतेच्या बंदरात युरोपीय भट्टी, पारशी हात आणि गुजराती तूप एकत्र आले. तिथल्या दोटीवाला घराण्याची बेकरी १८६१पासूनची, हे नोंदलेले आहे. पुढे मुंबई वाढली तशी सुरतेची माणसे आणि त्यांची चव दक्षिणेकडे उतरली.

५/ मराठी समाजाने भट्टीतला पदार्थ मुकाट स्वीकारला नाही. वसई भागात पोर्तुगीज काळाविषयी एक दंतकथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली: विहिरीत पाव टाकला, ते पाणी प्यायलेले गाव बाटले. घटना घडली की नाही हा प्रश्न वेगळा. पण दंतकथेत धर्म बुडवण्याचे साधन म्हणून पावाचीच निवड झाली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पाव आंबवण्यासाठी ताडी वापरली जाई, बिस्किटांत अंडे असे आणि मळणारे हात परजातीचे किंवा परधर्माचे असत. तीन आक्षेप, आणि तिन्ही एकाच घासात.

६/ या आक्षेपाचा स्फोट १८९०च्या ऑक्टोबरात पुण्यात झाला. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटे आली. निमंत्रितांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कुणी चहा घेतला, कुणी कपाला नुसता हात लावला. या प्रसंगाचे सूत्रधार गोपाळराव जोशी, म्हणजे कल्याणच्या टपाल कचेरीत नोकरी केलेले, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. त्यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रातून जाहीर केली. पुढे प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, प्रायश्चित्ते ठरली. रानड्यांनी १८९२मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांनीही त्यांना दूषणे दिली. कपभर चहा आणि बशीतली बिस्किटे यांवर पुण्यासारखे शहर दोन वर्षे तापत राहिले.

७/ त्याच शतकाच्या अखेरीस दिल्लीत ‘हिंदू बिस्किट कंपनी’ निघाली. दळण्यापासून डबा बंद करण्यापर्यंत उच्चवर्णीयांचेच हात लागतात, अशी ग्वाही ती देत असे. बिस्किट हवे होते, भट्टीवाला नको होता. आजच्या ‘ती बेकरीची, आपली नव्हे’ या वाक्यात त्या जाहिरातीचा पुसट प्रतिध्वनी ऐकू येतो. बोलणाऱ्याच्या मनात तसे काही नसते, हे मान्य. पण वाक्ये अनेकदा बोलणाऱ्यापेक्षा जुनी असतात.

८/ मग घरातच का भाजत नसत? कारण विस्तव. चूल, शेगडी, पुढे रॉकेलचा स्टोव्ह, या सर्वांची आच खालून वर जाते. तळण, परतणे, शिजवणे तिच्यावर उत्तम होते. नानकटाईला मात्र चहूबाजूंनी सारखी, कोरडी ऊब लागते. वरखाली निखारे ठेवून भाजण्याची युक्ती मराठी स्वयंपाकघराला ठाऊक होतीच. पाठारे प्रभू आणि कायस्थ प्रभू घरांतले भानोळे तसेच भाजत. पण एका पातेल्यातले भानोळे निराळे आणि दिवाळीसाठी शंभर-दीडशे नानकटाया निराळ्या.

९/ इथे भट्टीचे गणित समजून घ्यावे. लाकडाची भट्टी म्हणजे विटांची घुमटाकार खोली. जळण आत पेटवून विटा तापवायच्या आणि मग त्या तापलेल्या विटांच्या उष्णतेवर भाजायचे. पावाला कडक आच हवी, म्हणून तो पहिला. रात्री मळलेला पाव पहाटे बाहेर पडतो. त्यानंतर भट्टी हळूहळू उतरते. उतरत्या आचेवर खारी, टोस्ट, बटर. आणि नानकटाईला हवी असते तीही अशीच मवाळ आच, साधारण १६० ते १८० अंश सेल्सिअस. पाव काढल्यानंतर विटांत उरलेली ऊब बेकरीवाल्याच्या दृष्टीने जवळपास फुकटची. त्या फुकटच्या उबेवर आसपासच्या घरांची दिवाळी भाजून निघे.

१०/ रीत साधी होती. घरून मैदा, तूप, पिठीसाखर, थोडा रवा किंवा बेसन, वेलदोड्याची पूड मोजून न्यायची. तूप आणि साखर परातीत तळहाताने फेसायची. रंग पांढरा पडून ती लोण्यासारखी हलकी होईपर्यंत थांबायचे नाही. तुपाचे प्रमाण मैद्याच्या निम्म्याहून अधिक, साखरही जवळपास तेवढीच. तूप पिठाच्या कणांना वेढून बसते, त्यामुळे चिवटपणा धरत नाही. खुसखुशीतपणा म्हणतात तो हाच. कित्येकजणी घरूनच गोळा मळून नेत, कित्येकजणी बेकरीतल्या फळीवर मळत. पत्रे बेकरीचे, जिन्नस घरचे, मजुरी किलोवर किंवा पत्र्यावर. डब्याला नावाची चिठ्ठी. मुलांना रांगेत बसवून आई घरी चकल्या पाडायला परते, आणि मुले तासन्‌तास त्या वासात बसून राहत.

११/ ही रीत मुंबई-ठाण्यापासून पुण्या-कोल्हापुरापर्यंत होती. कुण्या एका धर्माची तर मुळीच नव्हती. रमजान ईदेपूर्वी कोकणी मुसलमान घरांतले डबे येत, नाताळापूर्वी ख्रिस्ती घरांतले, दिवाळीपूर्वी हिंदू घरांतले. तीन सणांच्या तीन रांगा, पत्रे तेच. पंचहौदच्या बशीवरून भांडलेल्या समाजाची नातवंडे अवघ्या दोन-तीन पिढ्यांत बेकरीच्या फळीवर पीठ मळू लागली. हे परिवर्तन कुठल्या परिषदेत ठराव होऊन झाले नाही. म्हणूनच बहुधा त्याची नोंदही कुणी ठेवली नाही.

१२/ या वाटेवर एक अडसर परस्पर दूर झाला, तो तुपाचा. १९३७मध्ये ‘डालडा’ बाजारात आला. साजूक तुपाच्या अभिमान्यांनी त्याची यथेच्छ निंदा केली आणि वैद्यकाच्या दृष्टीने पुढे ती बरीचशी रास्तही ठरली. परंतु गिरणीकामगाराच्या घरात शंभर नानकटायांचे तूप साजूक असणे शक्य नव्हते. पिवळ्या डब्यावरच्या हिरव्या ताडाच्या चित्राने तो पदार्थ चाळीच्या आवाक्यात आणला. रिकामा डबा पुढे नानकटाई ठेवायला किंवा तुळस लावायला उपयोगी पडे, हे ओघाने आलेच.

१३/ आता उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभारली गेली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना तिथल्या बराकींत ठेवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली आणि नदीवरून त्याचे नाव पडले. छावणीची ओळख मात्र पुसली नाही. ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ हे पत्ते आजही चालतात.

१४/ या निर्वासितांना बेकरीचा संस्कार मुंबईत येऊन झाला, असे समजणे चूक ठरेल. सिंधमधल्या हैदराबादेत १९११पासून चालत आलेली, एका सिंधी हिंदू कुटुंबाने काढलेली बेकरी प्रसिद्ध आहे आणि तिचे नाव, गंमत पाहा, ‘बॉम्बे बेकरी’. घरचे पीठ-तूप बेकरीत देऊन बिस्किटे करून आणण्याची चालही सिंधी कुटुंबांना परिचित होती. बराकीत वेगळे स्वयंपाकघर नव्हते, मोठी चूल नव्हती. पण पीठ, साखर, थोडे तूप आणि राबणारे हात होते. पापड, लोणची, गोळ्या, बिस्किटे करावीत आणि लोकलच्या डब्यांतून विकावीत, हा कित्येक घरांचा पहिला धंदा ठरला. उल्हासनगरच्या मालावर ‘मेड इन यूएसए’ लिहिलेले असते आणि त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद मुंबईने पुष्कळ वापरला. ज्यांचे घरदार सरहद्दीपलीकडे राहिले त्यांनी पहिला संसार पिठाच्या परातीवर उभा केला, ही बाजू त्या विनोदात येत नाही.

१५/ सिंधी पंचांगात ‘थदडी’ नावाचा सण आहे. मराठी गणनेप्रमाणे तो श्रावण वद्य सप्तमीला, गोकुळाष्टमीच्या सुमारास येतो. त्या दिवशी चूल पेटवायची नाही. आदल्या दिवशी केलेले थंड खायचे. त्यासाठी ‘मिठो लोलो’ करतात. कणीक, भरपूर तूप आणि गुळाचे किंवा साखरेचे पाणी यांची जाड पोळी तव्यावर मंद आचेने, वेळ देऊन भाजायची. दोन-तीन दिवस ती टिकते आणि मोडली की भुरभुरते. भट्टी नसलेल्या घराने नानकटाईच्या जवळ जाण्याचा हा दुसरा मार्ग. मराठी घराने तोच जिन्नस तळून शंकरपाळी केली, सिंधी घराने तव्यावर ठेवून लोलो केला. शेजारच्या बराकीतून लोलो आणि समोरच्या चाळीतून शंकरपाळ्या, अशी देवाणघेवाण जिथे झाली तिथे ‘खरा फराळ कोणता’ हा प्रश्न कुणी विचारला नसावा.

१६/ अंबरनाथ म्हटले की इतिहासप्रेमींना १०६० सालचे शिलाहारकालीन शिवमंदिर आठवते, आणि ते योग्यच. पण या विषयाशी नाते आहे ते दुसऱ्या अंबरनाथचे. १९२०च्या दशकात स्वीडिश भांडवलावरच्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीने, म्हणजे विमकोने, इथे काड्यापेट्यांचा कारखाना काढला. पुढे आयुध निर्माणी आली, नंतर औद्योगिक वसाहत. कारखाना म्हणजे पाळी आणि पाळी म्हणजे पहाटेचा चहा-पाव, म्हणजेच भट्टी. त्यात दिवाळीचा बोनस. बोनसच्या आठवड्यात मैदा, साखर आणि वनस्पती तुपाची खरेदी होई आणि डबे भट्टीकडे निघत. रेशनच्या दिवसांत साखरेला फार मोल होते; सणाचा वाढीव कोटा मिळाला की ती आधी करंजीच्या सारणाला आणि उरली तर नानकटाईला. ज्या घरात नानकटाई पांढरट आणि कमी गोड होई, तिथे त्या वर्षी साखर पुरली नसे. असे पुरावे दप्तरखान्यात सापडत नाहीत.

१७/ बदलापूरच्या नावाविषयी एक लोकव्युत्पत्ती सांगतात: सुरतेच्या वाटेवर जाणारे स्वार इथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर. तिला आधार कितपत, हे भाषाशास्त्रज्ञ ठरवोत. नानकटाईही सुरतेहूनच निघाली असल्याने तिनेही इथे घोडा बदलला असे म्हणण्याचा मोह होतो. एका अर्थाने ते खरेही आहे. कल्याणपलीकडचा खोपोलीचा लोहमार्ग १८५६मध्ये सुरू झाला. तथापि बदलापूर दीर्घकाळ जांभळांचे आणि भातशेतीचे गावच राहिले. गिरगाव, दादर, परळ इथल्या चाळींत जागा पुरेनाशी झाली, तशी मराठी मध्यमवर्गीय कुटुंबे आधी डोंबिवलीला, मग अंबरनाथला आणि अखेर बदलापूरला आली. सोबत चाळीतल्या आठवणी आल्या, पण कोपऱ्यावरची भट्टी येणे शक्य नव्हते.

१८/ ती जागा उपकरणांनी भरून काढली. १९५५मध्ये मुंबईत घरगुती गॅस विकला जाऊ लागला. तो सर्वदूर पोहोचायला बरीच दशके गेली. मग जाड कढईत वाळूचा किंवा मिठाचा थर, त्यावर तिवई, तिच्यावर ताटली आणि वर घट्ट झाकण, ही युक्ती मासिकांच्या पाककृतींतून घरोघरी गेली. नंतर झाकणाला काच असलेला ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला. तो एका वेळी फार तर पंधरा-वीस नानकटाया भाजी आणि काचेतून दिसणारी पहिली भेग घरातल्या मुलांसाठी सोहळा असे. २०२०च्या टाळेबंदीत पुन्हा हजारो घरांनी मैदा विकत आणला. त्यातल्या काही स्त्रियांनी पुढे दिवाळीच्या मागण्या घ्यायला सुरुवात केली. २००६च्या अन्नसुरक्षा कायद्याने अशा घरगुती विक्रीलाही नोंदणी लागते, आणि ती करणाऱ्या गृहिणीला कागदोपत्री प्रथमच ‘उत्पादक’ म्हणून मान्यता मिळते. तिच्या आजीने दीडशे नानकटायांचे पीठ फेसले होते, पण ते ‘घरकाम’ होते.

१९/ दरम्यान भट्टीवरच गदा आली आहे. मुंबईच्या हवेसंबंधीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. त्यावर हळहळणारे लेख बरेच आले. हळहळ समजण्यासारखी असली तरी पूर्ण पटणारी नाही. धुराने सर्वात आधी फुप्फुसे काळी झाली ती भट्टीपाशी रात्र काढणाऱ्या कारागिरांची, आणि ते कारागीर बहुतेक वेळा दूरच्या गावाहून आलेले, पोटमाळ्यावर झोपणारे होते. लाकडाची राख गेली तर जाऊ द्यावी.

२०/ चिंता दुसऱ्याच गोष्टीची करायला हवी. विटांची भट्टी विझवता येत नसे, म्हणून तिच्यात ऊब उरे आणि ती शेजाऱ्यांना वाटता येई. गॅसचा आणि विजेचा ओव्हन बटण दाबताच थांबतो. उरलेली ऊब नावाची वस्तूच त्याच्यापाशी नसते. त्यामुळे बाहेरचे डबे घेण्यात बेकरीवाल्याला आता फायदा नाही. ही सोय टिकवायची असेल तर ती ठरवून टिकवावी लागेल. दिवाळीपूर्वीच्या आठवड्यात दुपारचे दोन तास, ठरलेली मजुरी, घरचे जिन्नस. गृहनिर्माण संस्था, महिला बचत गट किंवा नगरपालिकेचे एखादे सभागृह एवढे नक्की करू शकते. शेकडो सदनिकांच्या संकुलात पोहण्याचा तलाव सामाईक असू शकतो, तर ओव्हन का नसावा?

२१/ ‘नानकटाई घरात होत नसे’ हे विधान अर्धेच खरे आहे, ते या सगळ्यावरून दिसते. पीठ घरचे, तूप घरचे, फेसणारा हात घरचा, वेलदोडा किती घालायचा याचा निर्णयही घरचा. फक्त विस्तव उसना. दळण गिरणीतून आले म्हणून पोळी परकी ठरत नाही. अनारशाचे तांदूळ कुठे कुटले, हेही कुणी विचारत नाही. भट्टीचाच उंबरठा तेवढा आडवा येतो, आणि तो का येतो हे पुण्याच्या १८९०च्या त्या बशीत पाहिलेच आहे.

२२/ ज्यांना या विषयात काम करायचे आहे, त्यांच्यासाठी साधने हाताशी आहेत आणि ती वेगाने कमी होत आहेत. उल्हासनगरच्या बराकींत बालपण काढलेली पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. अंबरनाथच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांच्या घरी जुन्या वह्या असतात; त्यांत दुधाच्या हिशेबाखाली कुठेतरी ‘बेकरी, पत्रे ४’ अशी नोंद सापडू शकते. या दिवाळीत फराळाचे ताट पुढे आले की घरातल्या वडीलधाऱ्यांना तीन प्रश्न विचारावेत: डबा कोणत्या भट्टीत जात असे, किलोमागे मजुरी किती पडे, आणि रांगेत आपल्या पुढे-मागे कोण बसलेले असे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट लिहून घ्यावे.